माझे पेन मधोमध का नाही

मित्रांनो, माझ्यापाशी कागद आहे, पेन आहे, शाईची बाटली आहे, आणि तरीही मला लिहितावाचता येत नाही. मी एक जुना रेकॉर्डर आहे. गाणी वाजवणारा नव्हे, रेघ ओढणारा. माझ्यातून कागद हळूहळू सरकतो आणि त्यावर माझे पेन खाली-वर होत राहते. तारेतून जे येईल ते जास्त असेल तर पेन वर, कमी असेल तर खाली. आयुष्यभर मी एवढेच केले.

तुम्ही सहलीला या केंद्रात येता तेव्हा दारातून आत शिरल्याशिरल्या काचेच्या पेटीत मी दिसतो. तुमच्यातला कुणी म्हणतो, हे शिलाईयंत्र आहे. कुणी म्हणतो, वजनकाटा. मला राग येत नाही. राग यायला माझ्यात आता काही उरलेलेच नाही, दोन स्प्रिंगा सोडल्या तर. पण तुमच्यातली चौकस मुले एक प्रश्न हमखास विचारतात. "याचं पेन असं वरच्या बाजूला का अडकलंय? बिघडलंय का?" त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. जरा बसा, सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. माझ्या पोटातली तांब्याची तार एका बाईंनी भिंगाखाली गुंडाळली. तार केसाहून बारीक आणि वेढे आठशे. काम चालू असताना कुणी हाक मारली तरी त्या ओ देत नसत, कारण एक वेढा चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी तपासनिसाने मला वीज दिली, मी एक सरळ रेघ ओढली आणि त्याने माझ्या पाठीवर पास झाल्याचा शिक्का मारला. आयुष्यातली पहिली शाबासकी मला सरळ रेघेसाठी मिळाली, हे जरा ध्यानात ठेवा.

पुढची नऊ वर्षे मी कौलांच्या भट्टीवर काढली. भट्टीची धग सारखी राहिली तर रेघ सरळ येई आणि कौले पक्की निघत. रेघ डुगडुगली की मुकादम आकाशपाताळ एक करी. मग एके दिवशी भट्टी बंद पडली. मला गवत भरलेल्या खोक्यात घातले आणि खोके इथे आले.

इथे म्हणजे यानांशी बोलण्याच्या केंद्रात. बाहेर मोकळ्या माळावर पाच मजली इमारतीएवढी डिश आहे. लांबच्या ग्रहांकडे गेलेली याने जे बारीकसे संदेश पाठवतात ते ती झेलते. आत गार हवेची खोली, कपाटांच्या रांगा आणि दिवसभर चालणारी एकसुरी घरघर. माझे खोके तिथे उघडले ते रेघकाकांनी.

रेघकाकांचे खरे नाव हजेरीपटापुरतेच उरले होते. उंच, थोडे वाकलेले, चश्म्याला दोरी. शर्टाच्या खिशात तीन पेने: एक निळे, एक लाल, आणि एक मागायला येणाऱ्यांना द्यायचे, न उमटणारे. त्यांनी माझ्या फटीफटीतली भट्टीची राख बारीक ब्रशने काढली, शाईची नळी सुईने मोकळी केली, नवी शाई भरली आणि मला सुरू केले. पेन मधोमध आले आणि तिथेच राहिले. काका माझ्याकडे बघून हसले. "शाबास रे," ते म्हणाले. "आपलं जमेल."

आणि जमलेच. रेघ मधोमध असावी हा काकांचा ध्यास होता. डिशने झेललेला संदेश ज्या रिसीव्हरमधून माझ्याकडे येई, तो दिवस चढला की तापायचा. तापला की उगीचच थोडा सरकायचा आणि त्याच्यापायी माझी रेघही सरकायची. त्यासाठी माझ्या उजव्या अंगाला एक गोल नॉब आहे. तो फिरवला की पेन परत मधोमध येते. काका दिवसातून चारपाच वेळा तो फिरवत.

पण फिरवण्याआधी ते एक गोष्ट करत. खुर्ची ओढून बसत, एक जाड वही उघडत आणि लिहीत: किती वाजले, रेघ मध्यापासून किती घरे वर किंवा खाली होती, आणि का फिरवली. घरे म्हणजे माझ्या कागदावर छापलेले चौकोन, तांदळाच्या दाण्याएवढे. काका अर्ध्या घरापर्यंत मोजत. ते लिहून झाले, शाई वाळली, की मगच हात नॉबकडे जाई.

ही सवय त्यांना वडिलांनी लावली होती. वडील गावातली सार्वजनिक घड्याळे लावत हिंडायचे. ते मुलाला सांगत, "घड्याळ बरोबर करण्याआधी ते किती चुकलं होतं ते लिहून ठेव. नाहीतर उद्या ते कुणीकडे पळणार, तुला कळायचं नाही." काकांनी ते पक्के धरले. केंद्रातले लोक त्या वहीला गाऱ्हाण्यांची वही म्हणत. काकू एकदा डबा द्यायला आल्या तेव्हा हसत हसत म्हणाल्या, "घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी आधी किती कमी ते सांगतात आणि मग मागतात." लिहिताना काका मोठ्याने पुटपुटत, म्हणून वहीत काय काय आहे ते मला कळे! 'अकरा वीस. माझ्या कोपराचा धक्का. दोन घरे.' 'दुपारी तीन. शिंक आली. अर्धे घर.' स्वतःच्या शिंकेचेही गाऱ्हाणे मांडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशी बरीच वर्षे गेली. काकांच्या निवृत्तीला महिना राहिला आणि तेव्हा डॉक्टरबाई आल्या.

त्या तरुण होत्या, झपझप चालायच्या आणि जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढायच्या. पहिल्याच दिवशी पहारेकऱ्याने त्यांना आपला सुजलेला गुडघा दाखवला. "अहो, मी तशी डॉक्टर नाही. मी सूर्याचा अभ्यास करते," त्या म्हणाल्या. त्याने काळजीने विचारले, "का, त्याला काय झालंय?"

झाले काहीच नव्हते. बाईंना एक मोजमाप हवे होते. मित्रांनो, खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्य झाकला जातो तेव्हा त्याच्याभोवती पांढरट तेज पसरलेले दिसते. त्याला प्रभामंडळ म्हणतात. ते इतके विरळ असते, की त्यात हवेसारखे काही नाहीच म्हणावे. पण त्यात इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म कण. कुठे किती दाट आहेत, ते कसे मोजायचे? तिथे जाऊन तर मोजता येत नाही.

बाईंनी ते चहाच्या वेळी सगळ्यांना समजावून सांगितले. काका तेव्हा नेमके माझी शाई आणायला कोठारात गेले होते, पण माझ्या खोलीचे दार उघडे होते, म्हणून मी ऐकले. पुढच्या आठवड्यात एक जुने यान आपल्या दृष्टीने सूर्याच्या मागे जाणार होते. त्याचे संदेश सूर्याच्या अगदी कडेजवळून, त्या तेजातून वाट काढत आपल्याकडे येणार होते. ते यान एकाच क्षणी दोन संदेश सोडते, एक बारीक लहरींचा आणि एक लांब लहरींचा.

"समजा, बहीण-भाऊ एकाच वेळी घरून निघाले," बाई म्हणाल्या. "भाऊ आपला सरळ चालत येतो. बहीण वाटेत जो भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलते. रस्ता रिकामा असेल तर दोघं बरोबर पोचतील. रस्त्यावर गर्दी असेल तर बहिणीला उशीर होईल. तिला किती उशीर झाला ते मोजलं, की गर्दी किती होती ते घरबसल्या कळतं. इथे गर्दी इलेक्ट्रॉनची आणि बहीण म्हणजे लांब लहरींचा संदेश."

"किती उशीर होईल तिला?" पहारेकऱ्याने विचारले.

"एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातले पाच-सहा."

"मग तो उशीर कसला!" तो म्हणाला. पण तो उशीर मला कळणार होता. रिसीव्हर तो मोजणार आणि मी त्याची रेघ ओढणार. यान सूर्याच्या जसजसे जवळ दिसेल तसतशी रेघ चढत जाणार, आणि ते पलीकडे निघाले की उतरणार. ती चढण म्हणजेच बाईंचे सगळे काम. आणि संधी एकच. यान म्हातारे झाले होते. बारा दिवस झाले की त्याचा एक संदेश कायमचा बंद करायचे ठरले होते. बाईंनी त्यासाठी चार वर्षे अर्जविनंत्या केल्या होत्या.

त्या बारा दिवसांत बाईंना दूरच्या मुख्य केंद्रात बसावे लागणार होते. यान चालवणारे लोक कधी कंटाळून तो संदेश लवकर बंद करतील, याचा नेम नव्हता. जाताना त्या केंद्रप्रमुख साहेबांना म्हणाल्या, "आज सकाळी रेघ मध्यावर लावून दिली आहे. आता नॉबला कुणी हात लावायचा नाही. पेन वरच्या काठाला टेकलं की फक्त माप मोठं करायचं, म्हणजे एकेका घरात जास्त उशीर मावेल. काकांना सांगाल ना?"

"सांगतो की," साहेब म्हणाले. आणि साहेबांनी सांगितले नाही. ते विसरले असे नव्हे. काकांच्या टेबलापाशी ते आले, काका मान खाली घालून माझी काच पुसत होते, आणि साहेबांना संकोच वाटला. तीस वर्षे काम केलेल्या माणसाला नॉब कधी फिरवायचा हे काय शिकवायचे? ते नुसते म्हणाले, "काका, महत्त्वाचं काम आहे. रेघेवर लक्ष असू द्या."

"डोळ्यांत तेल घालून," काका म्हणाले.

मित्रांनो, मला तेव्हा तोंड असते तर! दुसऱ्या दिवसापासून रेघ चढू लागली. तासाभरात आठ घरे. मी आनंदात होतो, कारण हेच तर बाईंना हवे होते. काकांनी चश्मा सारखा केला, वही उघडली, लिहिले आणि पेन मधोमध आणून ठेवले. पुन्हा तासाभराने नऊ घरे. पुन्हा वही, पुन्हा नॉब. सूर्य मावळला की डिश थांबे. सकाळी ती सुरू केली की पेन झटकन वरच्या काठाला जाऊन टेके. काका नॉबवरचे आकडे मोजत मोजत त्याला खाली आणत आणि तेही लिहीत. जेवायलाही ते माझ्यासमोरून उठत नव्हते.

तिसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. "साहेब, रिसीव्हर फार वर पळतोय. एकदा बघून घ्या."

"उन्हाळा आहे, काका," साहेब म्हणाले. "तुम्ही आहात ना?"

संध्याकाळी बाईंचा फोन येई. साहेब सांगत, "सगळं ठीक आहे. आमचा माणूस जागचा हलत नाही." तेही खरेच होते.

पाचव्या दिवशी दुपारी एक गोष्ट घडली. काका दोन्ही हातांत चहाचा कप धरून बसले होते आणि अचानक माझे पेन तीनचार मिनिटांत अठरा घरे वर गेले. असे आधी कधी झाले नव्हते. काकांनी कप खाली ठेवला, वहीत लिहिले आणि पेन मध्यावर आणले. सहाव्या दिवशी यान सूर्याच्या सर्वांत जवळ दिसले. तिथून पुढे रेघ उतरू लागली, तर काका ती वर आणत राहिले. बाराव्या दिवशी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे तो संदेश बंद झाला. कायमचा. काकांनी कागदाची जाड गुंडाळी सोडवून घेतली, फीत बांधली आणि त्यावर सुबक अक्षरांत तारखा घातल्या. त्यांच्या नोकरीचे अकरा दिवस उरले होते. ते मला म्हणाले, "आयुष्यातली सगळ्यात अवघड रेघ होती. पण एकदाही हातची जाऊ दिली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. झोप नव्हती, पण चेहरा उजळलेला होता. त्यांनी बाहेरच्या लांब बोळात गुडघ्यांवर बसून गुंडाळी उलगडायला सुरुवात केली. काका दारात उभे होते, शाबासकीच्या तयारीने. कागद उलगडत गेला. पाच पावले, दहा पावले. बाईंचे हात सावकाश होत गेले. बोळाच्या टोकाला जाऊन त्या थांबल्या. इकडून तिकडे, रेघ मधोमध होती.

"काका," त्यांनी विचारले, "ही रेघ चढली नाही?"

"चढत होती ना! दिवसातून दहा-दहा वेळा. पण मी काठाला जाऊ दिली तर शपथ."

बाईंनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी कपाळाला हात लावला. "माझं चुकलं," ते म्हणाले. "त्यांना सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही." मग त्यांनी दोन वाक्यांत काकांना सगळे सांगितले. काका ऐकत होते. त्यांचा हात भिंत शोधत होता. ती सापडल्यावर ते तिथेच जमिनीवर बसले. तीस वर्षे त्यांनी एकही रेघ बिघडू दिली नव्हती, आणि जी एकच रेघ वाकडी असायला हवी होती ती त्यांनी आपल्या हातांनी सरळ केली होती. मला त्यांच्याकडे बघवेना. बाई बाहेर जाऊन डिशच्या पायरीवर बसल्या. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. त्या रडत होत्या.

बऱ्याच वेळाने त्या आत आल्या. डोळे धुतलेले होते. काका अजून तिथेच बसलेले होते. बाई त्यांच्याजवळ जमिनीवरच बसल्या. "काका, तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "मीच तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. आता मला अहवालात काहीतरी लिहावं लागेल. नॉब साधारण कधी कधी फिरवलात, काही अंदाज सांगता येईल?"

काकांनी मान वर केली. आवाजात थोडासा दुखावलेपणा होता. "अंदाज कशाला, बाई? लिहिलंय की."

"काय लिहिलंय?"

काका उठले, आत आले आणि माझ्या शेजारून वही उचलली. बाईंनी पहिले पान वाचले. मग दुसरे. मग त्या उभ्या राहिल्या.

"किती घरं फिरवलीत, तेसुद्धा?"

"अर्ध्या घरापर्यंत. त्याहून बारीक मला आता दिसत नाही."

"साहेब," बाई ओरडल्याच, "कात्री कुठे आहे?"

मित्रांनो, पुढचे दोन दिवस या केंद्रात जे चालले ते तुम्ही पाहायला हवे होते. काका वहीतून वाचत: "दुसरा दिवस, दहा वाजून पाच मिनिटं, आठ घरं खाली आणली." बाई तेवढ्याच ठिकाणी कागद कापत आणि पुढचा तुकडा आठ घरे वर सरकवून बोळाच्या भिंतीवर चिकटवत. काकांनी जितकी घरे खाली ओढली होती तितकी परत वर चढवायची, एवढाच हिशेब. पहिली कात्री चालवताना काकांनी डोळे मिटून घेतले होते. जपलेला कागद कापणे त्यांच्या जिवावर आले होते. पण तुकडा चिकटवला आणि त्याची रेघ मागच्या रेघेला अशी येऊन मिळाली की सांधा शोधावा लागला. काकांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि खळ ढवळायला घेतली.

तुकडे वर वर जाऊ लागले. आधी कमरेएवढे, मग डोक्याएवढे. तिसऱ्या दिवसाची रेघ चिकटवायला स्टूल आणावे लागले, पाचव्या दिवसाच्या रेघेला पहारेकऱ्याची शिडी. आणि मग पाचव्या दिवशीच्या दुपारशी काम अडले. तिथे रेघ एकाएकी अठरा घरे वर गेली होती.

"ही उडी कसली?" बाईंनी शिडीवरून विचारले. "नॉब आधी वर फिरवलात का, काका?"

काकांनी वही पाहिली. "नाही. नंतर अठरा घरं खाली आणली, ते लिहिलंय. वर जाण्याचं काहीच नाही लिहिलेलं."

साहेब समजुतीने म्हणाले, "हात टेकला असेल हो नॉबवर. माणसाचं होतं असं कधीतरी. लिहायचं राहिलं असेल. एवढा तुकडा सोडून देऊ."

"हात टेकला असता तर लिहिलं असतं," काका म्हणाले.

मला आठवत होते. काकांचे दोन्ही हात तेव्हा चहाच्या कपावर होते. पण माझी साक्ष कोण घेणार? खोलीत दुसरे कुणी नव्हते. बाई शिडीवरून खाली उतरल्या. त्यांनी काकांच्या हातातून वही घेतली आणि त्या पाने मागे मागे उलटत, पुटपुटत वाचू लागल्या. कोपराचा धक्का, दोन घरे. शिंक, अर्धे घर. काकूंनी डबा माझ्यावर ठेवला, एक घर. पुष्कळ वेळ त्या वाचत होत्या. मग त्यांनी वही मिटली.

"ज्या माणसाने शिंक लिहिली आहे, तो अठरा घरं लिहायची विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "ही उडी काकांची नाही. ही सूर्याची आहे. तुकडा लावा तसाच."

त्यांनी साहेबांचे ऐकले असते तर कुणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी त्या वहीवर भरवसा टाकला आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिले: त्या दुपारी सूर्याने इलेक्ट्रॉनचा एक मोठा ढग बाहेर फेकला असावा आणि तो संदेशाच्या वाटेत आला असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहाव्या दिवसाचा तुकडा छताला टेकला, आणि तिथून रेघ उतरत उतरत दुसऱ्या टोकाला पुन्हा कमरेपाशी आली. सगळे मागे सरकून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. समोर एक डोंगर उभा होता, शंभरावर तुकड्यांचा. काकांनी खालपासून छतापर्यंत नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "मी हे एवढं सगळं दाबून ठेवलं होतं?"

"दाबलंत, पण फेकून नाही दिलंत," बाई म्हणाल्या. "आणि एक सांगू? मी सांगितल्याप्रमाणे माप मोठं केलं असतं, तर ही अठरा घरांची उडी घरभरसुद्धा दिसली नसती. तुम्ही माप बारीकच ठेवलंत म्हणून ती दिसली."

काकांच्या निवृत्तीच्या दिवशी सकाळी एक पाकीट आले. दुसऱ्या एका वेधशाळेत रोज दुर्बिणीतल्या चकतीने सूर्य झाकून भोवतालच्या तेजाची छायाचित्रे काढतात. बाईंनी त्यांच्याकडे त्या दुपारचे छायाचित्र मागितले होते. ते आले. सूर्याच्या कडेपासून एक फुगीर ढग निघालेला त्यात दिसत होता, नेमका त्याच बाजूला, त्याच वेळी. बाईंनी ते काकांच्या हातात दिले. काकांनी चश्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला.

त्या संध्याकाळी सगळे हार-भाषणे आटोपून गेल्यावर काका माझ्याकडे आले. त्यांनी मला एकदा सुरू केले. रिसीव्हर दिवसभर तापलेला होता. माझे पेन मध्यापासून सरकत बारा घरे वर जाऊन थांबले. काकांचा हात सवयीने नॉबकडे आला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "असू दे," ते म्हणाले. "तुला जिथं राहावंसं वाटतं तिथं राहा." आणि त्यांनी वीज बंद केली.

पुढे पडद्यावर रेघा काढणारी यंत्रे आली. मला अडगळीच्या खोलीत तुटक्या खुर्च्यांबरोबर ठेवले. शाई वाळून नळीत खडे झाले. एका कोळ्याने माझ्यात तीन पिढ्या वाढवल्या. दोनदा मला भंगारात काढायचे ठरले आणि दोनदा कागद कुठल्यातरी टेबलावर अडकून राहिले. तुम्हाला खोटे कशाला सांगू, त्या वर्षांत मला फार एकटे वाटले. शेवटी केस पिकलेल्या एक बाई आल्या आणि अडगळीत वाकून वाकून मला शोधू लागल्या. जिन्याच्या पायऱ्या त्या आता एकेकच चढत होत्या. त्यांनी मला या पेटीत बसवले, शेजारी ती जाड वही ठेवली, आणि पेन होते तिथेच राहू दिले.

आता या पेटीची सफाई करणाऱ्या मावशी फार नीटनेटक्या आहेत. एकदा काच पुसताना त्यांना माझे पेन वर अडकलेले दिसले. त्यांना वाईट वाटले असणार. त्यांनी अलगद बोटाने ते मधोमध आणून ठेवले. त्याच आठवड्यात रेघकाका आले होते. नातीचा हात धरून, काठी टेकत. ते पेटीपुढे उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली. पेटी उघडायला लावली. वाटले, आता ते पेन सरकवतील. पण त्यांनी आधी खिशातून निळे पेन काढले, वहीचे शेवटचे पान उघडले आणि थरथरत्या अक्षरांत काही लिहिले. मला वाचता येत नाही, पण नातीने ते मोठ्याने वाचले: "अकरा दहा. पेन मध्यावर आढळले. बारा घरे वर, परत जागेवर नेले." शाई वाळेपर्यंत ते थांबले. मगच त्यांनी पेन हलवले.

तर मित्रांनो, माझे पेन बिघडलेले नाही. जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. वाकडे दिसेल ते सरळ करावेसे वाटते, आणि तुमची शाळा, तुमचे घर त्यासाठी तुम्हाला शाबासकीही देतील. सरळ करा, हरकत नाही. पण त्याआधी ते किती वाकडे होते ते एवढेसे लिहून ठेवा, कारण कधी कधी तेच खरे असते. एखाद दिवशी ही पेटी उघडी दिसली आणि माझे पेन मध्यावर आणायचा मोह झाला, तरी मी रागावणार नाही. वही शेजारीच आहे. शेवटच्या पानावर अजून जागा आहे.